मदतीला न गेलेली पिंकी

काचीगुड्याच्या मुलींच्या शाळेत त्रिवेणी चौदा वर्षं बास्केटबॉल शिकवत होती. तिचा नियम एकच: आपापली पोरगी सोडायची नाही. जिच्या हातून समोरची खेळाडू निसटली, तिनं मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. या नियमावर शाळेनं दोनदा जिल्हा जिंकला होता.

चौऱ्याण्णव साली घरोघरी केबल आली, मुली टीव्हीवर परदेशातले सामने बघू लागल्या आणि शाळेचे सेक्रेटरी भगवंतराव यांना नव्या पद्धतीचा कोच हवासा वाटू लागला. त्यांनी राणीला आणलं. राणी त्रिवेणीचीच जुनी विद्यार्थिनी. आठवीत असताना तिला बॉल धड झेलताही येत नव्हता. आता पतियाळ्याहून कोचिंगचा कोर्स करून आली होती.

"अक्का, सकाळचा व्यायाम तुम्हीच बघा. संध्याकाळी मी डिफेन्स घेते," ती म्हणाली. अगदी नम्रपणे म्हणाली, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

राणीच्या डिफेन्समध्ये बॉल इकडचा तिकडे गेला की पाचही जणींनी सरकायचं. एक बोट बॉलकडे, एक आपण अडवायच्या खेळाडूकडे. एखादी चुकली तर शेजारणीनं आपली पोरगी सोडून मदतीला धावायचं आणि शेजारणीची जागा तिसरीनं भरायची. आणि सगळ्यांनी सारखं ओरडत राहायचं, म्हणजे कोण कुठं आहे ते कळतं. पहिल्या आठवड्यात मुली एकमेकींवर आदळल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांना भेदून जाणं अवघड झालं. त्रिवेणी स्टाफरूमच्या खिडकीतून बघायची. हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं वाटायचं, आणि मग राणीचा आणखीच राग यायचा.

सगळ्यात जास्त लागलं ते पिंकीचं. पिंकी कॅप्टन. पाचवीपासून त्रिवेणीनं तिला घडवलं होतं. ती आता जेवणाच्या सुट्टीतसुद्धा राणीसोबत वहीत खेळाडूंच्या जागा दाखवणारे गोल काढत बसायची.

"मॅडम, राणी मॅडमचं डोकं काय भारी चालतंय की," असं तिनं एकदा त्रिवेणीलाच येऊन सांगितलं.

"हौ, चालतंय," त्रिवेणी म्हणाली आणि हजेरीपट उघडून बसली.

सेमीफायनल मलकपेठच्या मैदानावर होती. शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा शाळा एका गुणानं पुढे होती. टाइमआउट झाला. राणी खेळाडू बदलायला टेबलाकडे गेली. पिंकी पाणी पीत उभी होती. त्रिवेणी तिच्याजवळ गेली.

"ती उंच पोरगी तुझी आहे. काही झालं तरी तिला सोडू नकोस."

"पण राणी मॅडम..."

"मी सांगते ना."

पिंकीनं मान डोलावली. पाच वर्षांची सवय होती तिला.

शेवटच्या दहा सेकंदांत समोरची एक चपळ पोरगी पद्मावतीला चुकवून आत घुसली. "मदत," पद्मावती ओरडली. पिंकी दोन पावलांवर होती. तिचा पाय उचलला, आणि पुन्हा जागेवर आला. उंच पोरगी तिनं सोडली नाही. त्या चपळ पोरीनं निवांत बास्केट केली आणि शिट्टी वाजली. शाळा एका गुणानं हरली.

राणीचा डिफेन्स हरला म्हणून त्रिवेणीला क्षणभर आतून बरं वाटलं. ते तिला स्वतःलाही कळलं.

"तू का गेली नाहीस?" राणीनं विचारलं. पिंकी खाली बघत राहिली. त्रिवेणीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. पुढच्या सोमवारी राणीनं कॅप्टनपद पद्मावतीला दिलं, तेव्हाही ती काही बोलली नाही.

त्रिवेणीनं चार दिवस काढले. सकाळच्या व्यायामाला पिंकी येत होती, सांगितलं तेवढं करत होती आणि निघून जात होती. पाचव्या दिवशी त्रिवेणी राणीसमोर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

राणी म्हणाली, "माझ्यावरचा राग होता तर माझ्यावर काढायचा, अक्का. पोरीच्या खेळावर का काढलात? आणि हे मला एकटीला सांगून भागणार नाही."

त्या संध्याकाळी त्रिवेणीनं मुलींना ओळीत उभं केलं. "पिंकीला मी थांबवलं होतं," ती म्हणाली. "डिफेन्स बरोबर होता. मला तो राणीचा आहे हे बघवलं नाही." पिंकीचे डोळे भरले, पण ती जवळ आली नाही. पुढेही बरेच महिने ती कामापुरतंच बोलली. कॅप्टनपद मात्र तिला परत मिळालं.

भगवंतरावांनी त्रिवेणीला टीमपासून दूर केलं. दोन महिन्यांनी राणीनंच त्यांच्याकडे शब्द टाकला आणि नव्या मुलींचा गट त्रिवेणीच्या हाती आला. पहिल्या दिवशी एक लहानगी आपल्या जागेवर खिळून राहिली, शेजारची एकटी पडली.

"तिला सोड. मदतीला जा," त्रिवेणी म्हणाली. शब्द राणीचे होते आणि ते अजूनही झोंबत होते. पलीकडच्या कोर्टवर राणी मोठ्या मुलींसोबत हसत होती. त्रिवेणीनं तिकडे एकदा पाहिलं, आणि लहानग्यांना पुन्हा जागेवर उभं केलं.