निळ्या काठाची ताटली

माझी मैत्रीण प्रतिमा इंग्लंडातल्या पोर्ट्समथला जाऊन आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगते. वय एकाहत्तर, आता कुणापासून लपवायचं?

ती पॅरिसला गेली असती तर मला काही वाटलं नसतं. अलास्काच्या क्रूझचे तिचे दोनशे फोटो मी चहाबरोबर निमूट गिळले होते. पण पोर्ट्समथ माझं होतं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कुमारचं. अमेरिकेत येण्याआधी दोन वर्षं तो तिथे जहाजांच्या कारखान्यात ट्रेनी होता. "तुला एकदा तिथे नेतो," हे वाक्य आमच्या घरात लग्नापासून मुक्कामाला आहे. नऊ वर्षांपूर्वी दोन तिकिटं काढलीही होती. तेवढ्यात आमची मुलगी इला सहा आठवडे आधीच बाळंत झाली आणि दोन्ही तिकिटं कॅन्सल केली. मग कुमारची किडनी गेली. आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या घरापासून सेंटर बारा मिनिटांवर, त्यापलीकडे आमचं जग नाही. इला दोनदा म्हणाली, "आई, मी नेते तुला." मी नाही म्हटलं. जाईन तर कुमारबरोबर, नाहीतर ते गाव बघायचंच नाही, असं मी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

आणि ही बाई म्हणते, "आमचा मुलगा सुशांत लंडनला असतो ना, ट्रेनने सहज जाऊन आले." सहज!

इथल्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. कोणी फिरून आलं की त्याने स्लाइड शो करायचा, ही तिथली रीत. त्या शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण कुमार इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. डायलिसिसनंतरच्या दिवशी हा माणूस सोफ्यावरून उठत नाही. इला आम्हाला सोडायला आली होती. ड्राइव्ह करता करता आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, आर यू जेलस?" मी खिडकीची काच खाली केली.

प्रतिमा बोलते छान, हे मला मान्य करावं लागतं. बंदराचं तोंड इतकं अरुंद आहे म्हणे, की मोठं जहाज आत येतं तेव्हा घरांच्या मधूनच चाललंय असं वाटतं. जुन्या गोल बुरुजावर ती उभी राहिली होती, जिथून बायका दर्यावर गेलेल्या नवऱ्यांची वाट बघायच्या. अडीचशे वर्षांच्या लाकडी युद्धनौकेत ती कमरेत वाकून फिरली, तरी दोनदा डोकं आपटलं. "आणि तिथल्या एका टोकाला स्पाइस आयलंड म्हणतात! आपले मसाले उतरायचे तिथे!" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सीगलने तिच्या हातातला बटाट्याचा काप पळवला त्यावर हॉल हसला. समोरच्या गावाला जाणारी फेरी पाचेक मिनिटांत पोचते, पण तेवढ्यात मिठाचा वारा तोंडावर बसतो, हेही तिने सांगितलं.

यातलं सगळं मला माहीत होतं. फेरी हिरवी होती हेसुद्धा मला माहीत होतं, आणि ते ती सांगायला विसरली. पण मला हे न बघता माहीत होतं, आणि ती बघून आली होती.

खरा तिळपापड झाला तो कुमारचा चेहरा बघून. तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता. प्रतिमा म्हणाली, "भाऊजी, बुरुजाच्या पायऱ्या तुम्ही म्हणालात तश्शाच आहेत हो, मधोमध झिजलेल्या!" आणि तो लाजला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. झिजलेल्या पायऱ्यांचं मला तो कधीच बोलला नव्हता.

मग पुढची स्लाइड आली. एक स्वयंपाकघर, टेबलाशी पांढऱ्या केसांची एक इंग्लिश बाई, आणि तिच्या पुढ्यात निळ्या काठाची, पांढऱ्या इनॅमलची खोलगट ताटली. डाव्या कडेला टवका उडालेला.

माझी ताटली!

मे महिन्यापासून ती मी शोधत होते. संसाराला सुरुवात केली तेव्हापासून माझ्या नारळाच्या वड्या त्याच ताटलीत थापल्या गेल्या. दिवाळी असो, बारसं असो, भांडं तेच. ती सापडेना म्हणून मी सगळी कपाटं रिकामी केली, इलावर आळ घेतला, आणि कुमार आयपॅडमागून म्हणत होता, "सापडेल गं." आता ती सापडली होती, इंग्लंडात, आणि तिच्यात वड्या होत्या. माझ्या नव्हत्या. मी इतक्या जाड कापत नाही.

मी उभी राहिले. "प्रतिमा, ही ताटली कुणाची?"

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. प्रतिमाचा रिमोट हातातच राहिला. "अगं, हा फोटो काढून टाकायचा राहिला... भाऊजींनी दिली होती. तुला माहीत नाही?"

"आणि वड्या?"

"त्या मीच केल्या. भाऊजी म्हणाले होते म्हणून."

मी पर्स उचलली आणि बाहेर आले. पार्किंगमध्ये इलाच्या गाडीची वाट बघत होते, मागून कुमार काठी टेकत आला, आणि त्याच्यामागून प्रतिमा धावत. तिने माझ्या हातात एक जड पिशवी कोंबली. "सॉरी शैला. हे भाऊजींना एकटं गाठून द्यायचं होतं. आता तूच ठेव." मी थँक्यू म्हटलं नाही.

घरी येऊन पिशवी उघडली. आत माझी ताटली, आणि ताटलीत काळपट, जड फ्रूट केक. टेबलावर आपटली.

"कोण ही बाई?"

"मॉरीन. ख्रिसमस कार्ड पाठवते ना, ती. माझ्या घरमालकिणीची, मिसेस हार्परची मुलगी. ताटली मिसेस हार्परची."

तेव्हा कळलं. पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत कुमार तापाने पडला होता. हा मांस खात नाही म्हणून मिसेस हार्परने मुद्दाम बटाटा आणि चीज ओव्हनमध्ये भाजून ताटलीसकट खोलीवर आणून दिलं. तीन दिवस तो त्यावर जगला. ताप उतरतोय तोच अमेरिकेचं बोलावणं आलं, आठवड्यात निघायचं होतं.

"ताटली रिकामी कशी देणार? खोलीत काही नव्हतं."

"बिस्किटांचा पुडा आणायचास."

"विकतचं घालायचं नाही, आई म्हणायची." तो अगदी गंभीर होता. "म्हटलं, अमेरिकेत स्वयंपाक शिकतो आणि काहीतरी करून घेऊन येतो. ट्रंकेत घातली."

"पन्नास वर्षं! पोस्टाने तरी पाठवायचीस."

"ताटली पोस्टाने परत करतं का कुणी?"

मी हसले असते, पण राग अजून उतरला नव्हता. "मला का नाही सांगितलंस? माझ्या हाताच्या वड्या चालल्या नसत्या?"

कुमारने केकची ताटली स्वतःकडे ओढली. "मार्चमध्ये हॉस्पिटलमध्ये होतो ना, तेव्हा समजलं, आता माझ्याने जाणं व्हायचं नाही. तुला सांगितलं असतं, तर ते तुलाही समजलं असतं. तू अजून म्हणत होतीस ना, दोघं जाऊ."

माझा सगळा राग होता तिथेच बसला. मला प्रतिमाचा हेवा वाटत होता, त्या पायऱ्यांचा, मॉरीनच्या टेबलाचा. आणि हा माणूस तीन महिने ही गोष्ट एकटा उराशी धरून बसला होता. मला रडू आलं. त्याच्यासमोर मी सहसा रडत नाही.

थोड्या वेळाने मी सुरी आणली. केकवर एक चिठ्ठी होती. कुमारने चष्मा लावून वाचली. "प्रतिमाने तिला आपली रीत सांगितलेली दिसते. मॉरीन म्हणते, ताटली भरून आली, मग मी तरी भरून परत केल्याशिवाय कशी राहू?"

"म्हणजे ती परत आपल्याच गळ्यात."

"हो ना," कुमार म्हणाला. "आता पुन्हा द्यायला हवी."

आठ दिवस आम्ही केक खाल्ला. डॉक्टरांच्या नियमाने कुमारला बोटाएवढा, बाकी मला. नवव्या दिवशी मी ताटली घासली आणि नारळ खवायला घेतला.

"प्रतिमा पुन्हा जाणारे ऑगस्टमध्ये," तो दारातून म्हणाला. "तिच्याबरोबर..."

"खबरदार. माझ्या वड्या मी नेईन."

"आणि मी?"

"तू इथे बस आणि जळ. आता तुझी पाळी."

तो हसला. मग ओट्याशी स्टूल ओढून बसला, म्हणाला, "फेरीत वरच्या डेकवर उजवीकडे बस. परत येताना डावीकडे. साडेचारला कारखाना सुटायचा, सायकलींची झुंबड फेरीवर चढायची. आता सायकली नसतील. पण बघ." एकदा तो त्या फेरीवर रडला होता, आईचं पत्र वाचून. कुठल्या कठड्याशी, तेही त्याने सांगितलं. मी हात पुसून सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं.

"हे प्रतिमाला सांगितलं होतंस?"

"नाही."

वड्या थापून झाल्यावर मी इलाला फोन केला आणि याच आठवड्याचं एकच तिकीट काढायला सांगितलं.