लाकडी पावलातलं विष

रांग पार जिन्यापर्यंत आली होती. वरच्या सभागृहात शुद्धीवाले साहेब लहान मुलांच्या पायांतून पोलिओची लस बाहेर काढत होते, आणि ती निघताना डोळ्यांनी दिसत होती, मग घरी कोण बसतंय! एक टब, कोमट पाणी, मूठभर मीठ आणि वायरी लावलेला डबा. पोराचे पाय बुडवले की पंधरा मिनिटांत पाणी तपकिरी. साहेब ते ग्लासात भरून मिरवायचे.

"बघा, हे तुमच्या लेकराच्या रक्तात होतं. ते दोन थेंब पाजतात, मी ग्लासभर काढून देतो."

दोन थेंबांचा ग्लास कसा झाला, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

रांगेत आपल्या सुनेच्या मागे कॅलिपरवाले आजोबा उभे होते. पोलिओनं लुळ्या पडलेल्या पायांना लोखंडी पट्ट्यांचा आधार आणि मापाचा बूट करून देण्यात त्यांचा जन्म गेला. मधली कित्येक वर्षं लहान मापाचं काम आलंच नव्हतं. आपला धंदा बसला म्हणून खूश झालेला असा कारागीर दुसरा नसेल. महिन्यापूर्वी पुन्हा एक माप आलं, शेजारणीच्या तीन वर्षांच्या मुलाचं. जन्मानंतरचा एक डोस तिनं याच टबात काढून घेतला होता आणि पुढचे दिलेच नव्हते. आता सूनही नातीला, चिमणीला, घेऊन तेच करायला निघाली होती.

"सूनबाई, अजून ऐक. चिमणीचे राहिलेले डोस देऊन टाकू."

"बाबा, पूर्वी लशीनंच मुलं लुळी झाली होती. साहेबांकडे पेपरचं कात्रण आहे. ते काय खोटं?"

"खरं आहे. एका कारखान्यातल्या लशीत विषाणू नीट मेला नव्हता. ते उघड झालं, म्हणून तर तपासण्या कडक झाल्या. थेंबांनीही कित्येक लाखांत एखाद्याला त्रास होतो, तेही लपवत नाही. पण डोस न मिळालेले पाय मी मोजलेत गं. मोजता मोजता म्हातारा झालो."

"तुम्ही लोखंड वाकवणार. तुम्हाला औषधातलं काय कळतं?"

"लोखंड कळतं," आजोबा म्हणाले आणि खांद्यावरची पिशवी पुढे घेतली.

नंबर आला. सुनेनं चिमणीचे मोजे काढले. तेवढ्यात आजोबांनी पिशवीतून बूट बेतायचं लाकडाचं एक छोटं पाऊल काढलं आणि टबात धरलं. "आधी याचं काढा."

साहेब हसले. "आजोबा, लाकडाला कुणी डोस दिला?"

"तेच बघू या."

लोक पुढे सरकले. साहेब म्हणाले, मशीन तापलंय, विश्रांती हवी. आजोबांनी सरळ बटण दाबलं. पंधरा मिनिटं गेली. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, अगदी तसंच.

आजोबांनी बटण बंद करून वायरीच्या टोकाच्या पट्ट्या वर काढल्या. "लोखंडी आहेत. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं. हा गंज आहे. पाय घाला, नका घालू, पाणी असंच होणार."

मागे कुणीतरी हसलं. शेजारीण मात्र पुढे आली, मुलाला कडेवर घेऊन. त्याचा लुळा पाय बरा होईल या आशेनं ती पुन्हा याच रांगेत उभी होती. तिनं ते लाकूड हातात घेतलं.

"हे माझ्या बाळाच्या मापाचं ना?"

"हो."

"मग त्या दिवशी त्याच्या पायातून काय निघालं?"

"काहीच नाही बाई. पुढचे डोस राहिले, एवढंच झालं."

ती तिथंच खाली बसली. सुनेनं मोजेसुद्धा न घालता चिमणीला उचललं आणि जिना उतरून थेट दवाखान्याची वाट धरली.

कुणी असा ग्लास दाखवला, तर आधी पाय न घालता टब चालवायला सांगा. शंका असली तर दवाखान्यात जाऊन भांडा, पण डोस चुकवू नका.

आजोबांनी लाकडी पाऊल पुसून पिशवीत ठेवलं. शेजारणीच्या मुलाचा बूट करायचाच होता. मूल वाढेल तसा दरवर्षी नवा करावा लागणार होता.