तहकूब गाव

आपल्यापैकी किती जण ग्रामसभेला जातात? भुजंगही जात नसे. दवंडी कानावर आली की चहाची बशी तोंडाला लावत तो म्हणे, "जाऊ द्या, तहकूबच होणार!" आणि खरंच तहकूब व्हायची. कारण गावातला जो तो आपापल्या ओसरीवर बसून हेच म्हणत असे.

किल्लारीकडचं हे गाव भूकंपात भुईसपाट झालं तेव्हा भुजंग शाळकरी होता. नवं गाव माळावर उभं राहिलं. रस्ते सरळ, घरं ऐसपैस, पण एका घरातली हाक दुसऱ्या घरी पोचेना. भुजंगच्या आईला, केवळाबाईला, ते फार लागलं. तिने पडक्या गावातल्या पाराचे दगड बैलगाडीतून आणून मधल्या मोकळ्या जागेत मांडले. लोक बिचकले. दगडांखालीच तर माणसं गेली होती! ती म्हणाली, "घराच्या दगडांनी माणसं मारली. पाराच्या दगडांनी कुणाला मारलं न्हाई."

तरी तिथे कुणी बसलं नाही. जुन्या पारावर गावाचं सगळं ठरायचं, पण बायकांना तिथे बसता येत नसे. केवळाबाई पदर सावरून कोपऱ्यावरून ऐकायची. नव्या पारावर सगळ्या गावाने बसावं, त्यात आपणही बसावं, एवढीच तिची आस होती. रोज तिन्हीसांजेला ती एकटीच तिथे जाऊन बसे आणि वाट बघे.

एक दिवस पाराचे दगड उचलायला जेसीबी आला. भुजंग धावत गेला. सरपंच किशनराव तिथेच उभे होते.

"किशनराव, ह्ये काय करायलाव? कुणी ठरवलं?"

"गावानं. पोरांसाठी अभ्यासिका व्हायलीय इथं. ग्रामसभेत ठराव झालाय."

"कवा?"

"तहकूब सभेत. पहिल्या सभेला माणसंच पुरी जमली न्हाईत. तहकूब सभेला माणसांची अट नसती. सात जण होतो आमी, झाला ठराव."

जेसीबी कसाबसा थांबवून भुजंग घरी आला आणि आदळआपट करू लागला. "सात जण म्हंजी गाव हाय का, माय?"

"तू कुठं होतास त्या दिवशी?"

"...घरीच."

"मंग? आले ते गाव झाले. आले न्हाईत ते पाव्हणे."

"पर मी दर बारीला मत टाकतो!"

"पाच वर्साला एकदा बोटाला शाई लावायची आन् हात झटकून मोकळं व्हायचं? पेरून आल्यावर रानाकडं बघतच न्हाईस का तू?"

भुजंग तसाच उठला. तो सरपंचांकडे परत गेला. ते म्हणाले, "बोलावतो की पुन्हा सभा. माणसं मात्र तुमी आणा."

भुजंग घरोघर फिरला. प्रत्येक ओसरीवर तेच, "तहकूबच होणार, भुजंगराव!" आपलंच वाक्य दारोदारी ऐकून तो कानकोंडा झाला. "न्हाई आलात तर होणारच की!" असं म्हणत तो पुढच्या दारी जाई.

आणि काय आश्चर्य! सभेला माणसं जमली. बायाही आल्या. पंचायतीच्या खोलीत बसायला जागा पुरेना, तेव्हा सगळे पाराकडे गेले. किशनराव उठून म्हणाले, "काकू, वर या. बसा."

केवळाबाई पारावर बसली. सगळ्यांत आधी तिच्याविरुद्ध बोलली ती तिचीच नात, साक्षी! दोन वर्षं लातूरला क्लाससाठी राहून आलेली. "अभ्यासिका पायजेच, आजी! लातुरात आमाला कुणी नावानं बी वळखत न्हाई. गावात राहून शिकू द्या."

केवळाबाईचे डोळे भरून आले. "बोल माय, बोल! पार ऱ्हावा का जावा, समद्यांनी बसून ठरवा. मग माझं काय म्हणणं न्हाई."

वाद रंगला, आवाज चढले, शेवटी हात वर झाले. अभ्यासिका शाळेमागच्या जागेत करायचं ठरलं, पार राहिला.

वाचकहो, लोकशाही भूकंपाने पडत नाही. आपण घरी बसतो आणि ती तहकूब होत जाते.

उठताना केवळाबाईने दगडावरून हात फिरवला. "घरं तवाच बांधली सरकारनं," ती भुजंगला म्हणाली. "गाव आज वसलं, बाबा."