हेरंबबाबांची होडी

लालबागच्या त्या चाळीत निवडणुकीच्या सभेलाही लाजवील एवढी गर्दी लोटली होती. हेरंबबाबांनी फळीवर समुद्राचा नकाशा पसरला, वर पत्र्याची इवलीशी होडी ठेवली आणि डोळे मिटले. हात छातीशी, ओठांवर मंत्र, आणि होडी आपली आपण चालू लागली! बायांनी हात जोडले.

"तुझा दगडू श्रीवर्धनच्या खाडीत सुखरूप आहे, बालिके!" बाबा गरजले. "सागर माझ्या आज्ञेत आहे. कुणाला कळवू नकोस, तो कोपेल."

कौसल्येनं पदरानं डोळे पुसले. नवऱ्याची लाँच दोन दिवस बेपत्ता होती.

मागे उभा राजाराम, तिचा थोरला भाऊ, नुसता जळत होता. वीस वर्षं त्यानं जहाजाचं सुकाणू धरलं. दर्यावरच्या माणसांची खबर चाळ त्यालाच विचारायची. आता सख्खी बहीणसुद्धा या भोंदूच्या पायाशी! भाऊच्या धक्क्यावर सकाळीच एका मच्छीमार होडीच्या तांडेलानं त्याला सांगितलं होतं, दगडूची लाँच बंद पडून नांगरलेली दिसली; तिथून दोन्ही दीपगृहं कुठल्या दिशेला दिसत होती, तेही सांगितलं होतं. तडक बंदर ऑफिस गाठायचं, तर हा आधी बाबांचं नाक कापायला आला.

"साफ खोटं!" तो पुढं घुसला. "लाँचवरून कुलाब्याचं दीपगृह ईशान्येला होतं, खांदेरीचं आग्नेयेला. मग कुलाब्यापासून नैर्ऋत्येला एक रेघ, खांदेरीपासून वायव्येला दुसरी. मिळतात तिथं लाँच!" त्यानं बाबांच्याच नकाशावर ओढलेल्या रेघा भर समुद्रात मिळाल्या.

दिशा लोकांना पटाव्यात म्हणून त्यानं होकायंत्र काढलं. सवयीनं आधी चाकू-किल्ल्या लांब ठेवल्या. होकायंत्राजवळ लोखंड नको, हा सुकाण्याचा पहिला धडा. तरी काटा उत्तर सोडून बाबांच्या गुडघ्याकडे वळला. बाबा सरकले, काटाही सरकला.

"उत्तर दिशा बाबांच्या गुडघ्यात कधी राहायला आली?" राजारामनं कफनी वर केली. गुडघ्याला भलंमोठं लोहचुंबक बांधलेलं! फळीखाली गुडघा हलला की वर होडी चालायची.

हशा पिकला. कौसल्या हसली नाही.

"दादा, लाँच खंय आसा तां तुका कधी कळलां?"

"सकाळी."

"आणि बंदर ऑफिस सोडून तू आधी हंय इलंस?"

राजारामचं तोंड उतरलं. तो बंदर ऑफिसकडे धावत सुटला. संध्याकाळी बंदर ऑफिसनं पाठवलेल्या बोटीतून दगडू घरी आला, तेव्हा म्हणाला, नांगराचा दोर तुटायलाच आला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारची रखमा हार घेऊन आली. "आता तुम्हीच आमचे बाबा."

राजारामला क्षणभर गोड वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. त्यानं हार परत केला.

"माझंही आंधळेपणानं मानू नका, वहिनी. कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, ते विचारा आणि रेघ स्वतः ओढा. चुकली तर खोडता येते. काल बाबांच्या थापेत आणि माझ्या हेव्यात अर्धा दिवस गेला, तो दगडूच्या जिवावर बेतला असता."