जावयाचे थेंब

प्रवाळाच्या फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागली, तेव्हा पासंगसाहेबांना पहिला संशय आला तो जावयाचा.

तसा त्यांना संशय यायला फार काही लागत नसे. उभी नोकरी वजनमाप निरीक्षक म्हणून गेली. कुठल्याही दुकानात शिरले की आधी रिकामा तराजू उचलून त्यात पासंग, म्हणजे एक पारडं जड, आहे का ते बघायचे, मग रामराम. बाजाराने त्यावरून ठेवलेलं नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं आणि निवृत्तीनंतर तिथंच मुक्कामाला राहिलं. बायको म्हणायची, "ह्यांना कुणी आशीर्वाद दिला, तरी हे विचारतील, भरीव की पोकळ?"

निवृत्त झाल्यावर ते घरातलीच मापं काढायला लागले. पिठाचा डबा, दुधाचं भांडं, बायकोच्या फोनवरच्या गप्पा. शेवटी मुलीने आणि जावयाने मिळून त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणून बसवली. जावयाचं शोभेच्या माशांचं दुकानच होतं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, एक कोळंबी आणि जांभळ्या फांद्यांचं एक प्रवाळ. "हे काय नवीन खूळ?" असं म्हणत साहेब टाकीसमोर बसले, ते जेवायला हाक मारावी लागली तेव्हाच उठले. त्या प्रवाळावर तर त्यांचा जीव जडला. दगडासारखं दिसतं आणि वाढतं, हे त्यांना फार आवडलं.

जावई रविवारी येऊन पाणी तपासायचा. पाण्यात एक क्षार असतो. त्यावर प्रवाळाचा सांगाडा वाढतो. तो मोजायचा प्रकार सोपा होता. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, रंग टाकून ते निळं करायचं आणि मग बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडायचं. निळ्याचं पिवळं व्हायला जितके थेंब लागतील, तितका क्षार. आठ-नऊ थेंब म्हणजे तब्येत उत्तम.

"सहाच भरले, बाबा," जावई म्हणायचा. "कमी आहे. पावडर थोडी वाढवा."

पावडरचा डबा अर्थातच जावयाच्या दुकानातला. तो पैसे घ्यायला तयार नसायचा, साहेब डब्यावरची पूर्ण किंमत त्याच्या खिशात कोंबायचे. पावडर वाढली. पुढच्या खेपेला सात भरले. "अजून जरा कमीच," जावई म्हणाला आणि दुसरा डबा ठेवून गेला. त्याच आठवड्यात टोकं पांढरी पडली, जणू कुणी फांद्या चुन्यात बुडवल्या होत्या.

साहेब टाकीसमोर बसून विचार करायला लागले. ज्याच्या हातात माप, त्याच्याच दुकानात माल. असं कुठं दिसलं की नोकरीत त्यांचे कान टवकारायचे. आणि इथं तर सगळं गोड बोलून चाललं होतं. गोड बोलणारा दुकानदार म्हणजे अर्धा गुन्हा सिद्धच, असं त्यांचं जुनं मत.

"अहो, तो आपला जावई आहे," बायको म्हणाली.

"जावई झाला म्हणून काटा मारत नाही, असं कुठं लिहिलंय?"

ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळख नसलेल्या दुकानात गेले. किट बघायचंय म्हणाले. दुकानदाराने काउंटरवर तीन प्रकार मांडले. पहिला, पाण्यात बुडवायच्या कागदी पट्ट्या.

"रंग बघायचा आणि डब्यावरच्या रंगाशी जुळवायचा. एका मिनिटात काम."

"हिरवा आणि जरा जास्त हिरवा, ह्यात निवाडा कोण करणार?" साहेबांनी पट्ट्या बाजूला सारल्या. "हे म्हणजे मुठीने साखर मोजणं झालं."

दुसरं होतं बॅटरीवर चालणारं यंत्र. त्यावर आकडा ठसठशीत उमटायचा. दुकानदाराच्या चेहऱ्यावर विजयाचं हसू आलं.

"ह्याचा आकडा बरोबर आहे हे कोण सांगतं?"

"आकडा येतोच ना, साहेब."

"आकडा तर लॉटरीचाही येतो."

तिसरं थेंबांचं किट, जावयाकडे होतं तसंच, फक्त कंपनी वेगळी. साहेबांनी खोक्यावरची तारीख वाचली, सील वाचलं, बाटली उजेडात धरली, नळीवरच्या रेषा नखाने घासून बघितल्या. थेंब स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येत होते. त्यांनी तेच घेतलं. दुकानदाराने सुटकेचा श्वास सोडत खोकं पिशवीत घातलं.

घरी त्यांनी बायकोला पंच म्हणून समोर बसवलं. ती भाजी निवडत पंचगिरी करायला लागली. निळं पाणी दहाव्या थेंबाला हिरवट झालं, अकराव्याला पिवळं. पुन्हा केलं, पुन्हा अकरा.

"म्हणजे काय झालं?" बायकोने विचारलं.

"म्हणजे क्षार कमी नाही, उलट जास्त झालाय. त्यानेच टोकं जळाली असणार. जावई सात सांगतो, हे अकरा सांगतं. चार थेंबांचा पासंग."

"तुमचंच किट खोटं असेल."

साहेबांनी किटचं खोकं बंद केलं. हा संशय त्यांनाही आला होता आणि तो बायकोने बोलून दाखवावा हे त्यांना आवडलं नव्हतं.

जावयाला सरळ विचारायचं सोडून त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. सवयच ती. टाकीतलं पाणी दोन बाटल्यांत भरलं, नवं किट पिशवीत तळाला ठेवलं आणि दुकान गाठलं.

दुकानात मुलगी बिलं करत बसली होती. वडिलांना बघून ती खुशीत उठली. भिंतीला लागून काचेच्या टाक्या बुडबुडत होत्या आणि सगळ्या दुकानाला ओल्या मिठाचा वास होता.

"ही आमची बाटली," साहेब जावयाला म्हणाले, "आणि ही माझ्या एका मित्राची. दोन्हींची क्षारता बघा जरा."

जावयाने दोन्ही पाणी तपासलं. ह्यालाही सात, त्यालाही सात. त्याने एक बाटली नाकाशी नेली, मग दुसरी, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

"बाबा, तुमचं पाणी आणि तुमच्या मित्राचं पाणी सख्खे भाऊ दिसतात."

साहेबांनी ते कानाआड केलं. त्यांनी विचारलं, "पावडरचे डबे महिन्याला किती जातात हो तुमचे?"

जावयाचा हात नळी धुता धुता थांबला. मुलीने बिलातून मान वर केली. तिने बाटल्यांकडे बघितलं, वडिलांच्या पिशवीकडे बघितलं आणि तिला सगळा उलगडा झाला.

"बाबा, तुम्ही ह्याला पकडायला आलात?"

"मी फक्त..."

"मित्राचं पाणी! तुम्हाला मित्र आहे तरी कोण?"

हे लागलं. पण साहेब आता मागे फिरणार नव्हते. त्यांनी किट बाहेर काढून काउंटरवर ठेवलं. "ह्याने अकरा भरतात. दोनदा मोजलंय. हिची आई साक्षीला होती."

जावयाने हातातली नळी बाजूला ठेवली. त्याने साहेबांच्या किटने स्वतः पाणी तपासलं. अकरा. त्याने ती पिवळी नळी आपल्या नळीशेजारी ठेवली. "आता माझं खरं की तुमचं?"

"कुणाचंच नाही. दोन तराजू भांडत असतील तर प्रमाण वजन आणायचं."

जावयाने कपाटातून एक सीलबंद बाटली काढली. तिच्यात कंपनीने मोजूनमापून केलेलं पाणी होतं, त्याची क्षारता बरोबर आठ, तसं बाटलीवर छापलेलंच. "किटं तपासायला म्हणूनच आणली होती. उघडायला काही सवड झाली नाही."

साहेबांच्या किटने आठ थेंब घेतले. जावयाच्या किटने पाचातच पिवळं केलं.

साहेब बाटलीच्या तोंडाकडे बघत होते. "पुन्हा सोडा. हळू." जावयाने थेंब सोडला. मग साहेबांच्या बाटलीतून एक सोडला. आता तिघांनाही दिसलं. जावयाच्या बाटलीचा थेंब टपोरा होता, दुसऱ्याच्या दीडपट. थेंब मोठा म्हणून थेंब कमी, थेंब कमी म्हणून क्षार कमी, म्हणून पावडर.

"बाटलीचं टोक चोंदलं होतं," जावई पुटपुटला. "ब्लेडने मीच कापलं. एवढंसंच."

"बाटलीचं नाक कापलंत," साहेब म्हणाले, "आणि..." पुढचं त्यांनी गिळलं.

ते जावयाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हा क्षण त्यांच्या ओळखीचा होता. खोटं माप सापडलं की माणूस काय करतो, ते त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं. कुणी वजन गल्ल्याखाली सरकवतं, कुणी नोकरावर ढकलतं, कुणी पंख्याखाली खुर्ची देऊन थंड काहीतरी मागवतं. जावयाने बाटली सगळ्यांना दिसेल अशी काउंटरवर ठेवली. मग कोरा कागद घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'इथे क्षारता तपासून घेतली असल्यास पावडर लगेच बंद करा. आमचं माप चुकलं होतं. पाणी घेऊन या.' कागद त्याने दाराच्या काचेवर चिकटवला आणि गिऱ्हाइकांना फोन लावायला बसला.

"तुम्ही निघा आता, बाबा," मुलगी म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून जास्त बोचला. "चूक दाखवलीत, बरं केलंत. पण नुसतं विचारलं असतंत तरी त्याने हेच केलं असतं. तुम्ही सासरे म्हणून आला नाहीत, धाड घालायला आलात."

घरी आल्यावर साहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मग? चोर आहे का तो?"

"कागद उद्याही दारावर असला तर बघू."

दुसऱ्या दिवशी ते खरोखर दुकानासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. कागद होता. दारात चष्म्याच्या दुकानाचा मालक जावयाला फैलावर घेत होता. त्याचं प्रवाळ मेलं होतं. रस्त्यापलीकडून सगळे शब्द ऐकू येत नव्हते, पण 'लुटारू' ऐकू आलं. जावई मान खाली घालून उभा होता. ना किटच्या कंपनीला बोल, ना गिऱ्हाइकाला उलट उत्तर. हे नाटक असेल का, असा विचार साहेबांच्या मनात आला. मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली. नाटक करायचं तर कुणी इतका वेळ शिव्या खात नाही.

ते रस्ता ओलांडून गेले.

"माझ्याही प्रवाळाची टोकं जळाली," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "थेंब मोठा पडत होता. मी काल इथं स्वतः बघितलं."

"मग तुम्ही पुन्हा इथंच कशाला आलात?"

"चूक दुसरीकडेही होईल, पण ती अशी दारावर लावून कबूल कोण करणार?" एवढं बोलून त्यांना उगाचच लाजल्यासारखं झालं. "शिवाय मी ह्यांचा सासरा आहे."

चष्मेवाला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने गुरगुरतच स्वतःच्या पाण्याची बाटली काउंटरवर आदळली. मुलगी आतून बघत होती, पण बाहेर आली नाही.

ती महिनाभर माहेरी फिरकली नाही. फोनवर आईशी बोलायची, वडिलांची चौकशी आईमार्फत करायची. साहेबांनी एकदा आईच्या हातून फोन घेतला आणि "चुकलं माझं," एवढंच म्हणून घाईघाईने परत दिला. त्यानंतर ती आली. येताना काही आणलं नाही, पण जेवून गेली.

प्रवाळाच्या दोन फांद्या कायमच्या गेल्या. बाकीच्या जांभळ्या झाल्या आणि पुन्हा हळूहळू वाढायला लागल्या. जावयाने नवी किटं मागवली. दुकानात आलेलं प्रत्येक किट आता आधी त्या आठ थेंबांच्या पाण्याच्या कसोटीला उतरतं, मगच फळीवर जातं.

रविवारी तो अजूनही येतो. तो थेंब सोडायला लागला की साहेबांचे ओठ नकळत हलतात. पूर्वी तो मनातल्या मनात मोजायचा. आता मोठ्याने मोजतो.