थोरल्या जावयाची दाढ

या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आपले कान तपासून घ्यावेत. एका सासूबाईंचे दोन जावई, दोघेही दातांचे डॉक्टर. सासूबाईंची कवळी सैल झालेली. नवी कुणाकडून करून घ्यायची, हे रविवारच्या जेवणावर ठरायचं होतं.

थोरला तीन दिवस अंग आंबवून दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेला जाऊन आला होता. धाकट्याने त्याच परिषदेत घरूनच, वर कोट अन् खाली पायजमा अशा थाटात भाषण ठोकलं आणि ते बारा देशांत पाहिलं गेलं. सासूबाईंनी तर दोनदा पाहिलं. तेव्हापासून थोरल्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"घरबसल्या केलेलं बरं," सासूबाई म्हणाल्या. "ना धूळ, ना धक्के."

"पडद्यावर भाषणं दिसतात हो," थोरला म्हणाला. "माणसं भेटतात ती चहाच्या रांगेत."

"मग तुम्हाला कोण भेटलं, साडूभाऊ?" धाकट्याने भाजी वाढून घेत विचारलं.

भेटलं होतं कुणीच नाही. तीन दिवसांत थोरल्याशी बोलला तो एकटा बॅज वाटणारा, तोही दुसऱ्याचाच बॅज देऊन. पण सासूबाईंनी भाताचं पातेलं धाकट्याकडे सरकवलं आणि थोरल्याची जीभ सुटली.

"अध्यक्ष भेटले. वय नव्वद. मी बिस्किट चावलं, तर वीस हातांवरून नुसत्या आवाजावर त्यांनी मान वळवली. मला खुर्चीवर उभं केलं, तोंड उघडायला लावलं. आठशे डॉक्टर रांगेनं माझ्या तोंडात डोकावून गेले. दुपारची दोन भाषणं रद्द. खालची शेवटची दाढ बघून म्हातारा गहिवरला. म्हणाला, असं काम उभ्या जन्मात पाहिलं नाही, ही दाढ भरली कुणी? आता घरी बसणाऱ्याच्या तोंडात कोण डोकावणार, सांगा."

धाकट्याचा हात ताटातच थांबला. "मग काय सांगितलंत?"

इथे एक नाव खरं घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण ते घ्यायला थोरल्याची जीभ उचलेना.

"म्हटलं, मीच."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "खोटं बोलताय, जावईबापू. ती दाढ धाकट्यांनी भरली. तुमचं डोकं मी धरलं होतं, आणि तुम्ही माझ्याच बोटाला चावलात. कवळीचं माप द्यायला मी उद्या त्यांच्याकडे जाते."