हरण्याच्या मानेतली चिप

गेणबाचा कुत्रा हरण्या चार दिवस गायब होता. त्याला लखननंच पळवलं, याबद्दल गेणबाच्या मनात तीळभर शंका नव्हती. शेजारच्या वस्तीवरचा हा लखन दोनदा कुत्रं विकत मागून गेला होता. कारवान जातीचं, लांब पायांचं कुत्रं, अख्ख्या कळस गावात असं दुसरं नाही. माणसाची नियत फिरायला आणखी काय लागतं?

गेल्याच महिन्यात गेणबानं हरण्याला बारामतीला नेऊन मानेत चिप बसवून आणली होती. तिथल्या श्वान स्पर्धेत चिपेशिवाय कुत्र्याचं नावच नोंदवून घेत नव्हते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आबा, यात नुसता नंबर आहे. मशीन मानेला लावलं तरच दिसतो. कुत्रं कुठं गेलं, ते यात कळत नाही." गेणबाला ते नीट समजलं होतं. पण गावाला कुठं ठाऊक होतं?

मारुतीच्या देवळापुढं, लखनच्या तोंडाकडं बघत त्यानं ठोकून दिलं, "हरण्याच्या मानंत चिप हाय. उद्या इंदापुरास्नं मशीनवाला येतोय. कुत्रं कुठं हाय, कुणी नेलं, समदं मशीन सांगतंय. मग थेट पोलीस! ज्यानं नेलंय त्यानं आजच्या आज आणून सोडावं."

चोराच्या मनात चांदणं! गेणबा मिशीत हसतच घरी आला आणि दारात खाट टाकून लखनची वाट बघत बसला.

लखन काही आला नाही. आली ती कुशाबाई, गेणबाची बायको. चार दिवस तीही त्याच्याबरोबर बांधाबांधानं हाका मारत हिंडली होती. आता तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लखनचं नाव घिऊ नगा," ती म्हणाली. "माज्यासंगं चला."

उसाच्या कडेला, पाटाजवळ माती उकरून परत थापलेली होती.

"पेंडीच्या पोत्यामागं उंदरांसाठी औषधाच्या गोळ्या ठिवल्या हुत्या. दार लावायची इसरले. हुडकत हितं आले तर गार पडला हुता. मीच पुरला. तुमी अन्नपाणी सोडाल म्हून बोलले न्हाय."

गेणबा थापल्या मातीपाशी बसला. जिनं पुरलं, तीच त्याच्या नावानं हाका मारत हिंडत होती! आणि आपण भर गावात लखनला चोर ठरवून आलो! बायकोवर ओरडावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर पाटाच्या पाण्याकडं गेली. विषानं आत आग झाली की जनावर पाण्याकडं धावतं, हे त्याला चांगलं माहीत होतं.

कुशाबाई मातीवर हात ठेवून बसली होती.

"अवो, मशीनला समदं कळतंय म्हनला न्हवं? मग त्येला येवढं ईचारा. लई तडफडला का वो त्यो?"

चिपेत एका नंबराशिवाय काही नव्हतं. गेणबानं तिच्या हाताशेजारी मातीवर हात टेकला.

"न्हाय," तो म्हणाला. "झोप लागल्यावानी गेला."